कास्ट आणि कास्टिंग

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सिनेमावर बोल असं तुम्ही सांगितलंत. आपल्यातल्या काही जणांना हा विषयच चैनीचा वाटतो, हे मला ठाऊक आहे. गावात माणूस मारला जातोय, गटारात माणूस गुदमरतोय, आणि हा गडी शॉट आणि क्लोजअप सांगत बसणार! मी म्हणतो, थांबा. आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर कशानं ठेवलं? नुसत्या काठीनं नाय ठेवलं. गोष्टीनं ठेवलं. पुराण, कथा, कीर्तन, आख्यान यांनी शेकडो वर्षं सांगितलं की कुणी कुठं उभं राहायचं, कुणी बोलायचं, कुणी खाली मान घालून ऐकायचं. शंबूकाचं मुंडकं गोष्टीत उडालं. एकलव्याचा अंगठा गोष्टीत तुटला. आणि लोकांनी माना डोलावल्या. गेल्या शंभर वर्षांत गोष्ट सांगायचं सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे सिनेमा. ज्या यंत्राजवळ आपण रोज उभे राहतो ते कसं चालतं हे कामगाराला कळलं पाहिजे. नाहीतर बोटं जातात.

तेव्हा आज मी फक्त दोन प्रश्न घेऊन आलोय. पडद्यावर कोण उभा आहे? आणि त्याच्याकडे कुठून बघितलं जातंय? पहिला प्रश्न कास्टिंगचा. दुसरा प्रसंगाच्या मांडणीचा, म्हणजे कॅमेरा कुठं ठेवला, किती वेळ ठेवला, आवाज कुणाचा, चेहरा कुणाचा. माझं म्हणणं एवढंच आहे की हे दोन प्रश्न जोडीनं विचारायचे. एकटा विचारला तर दोन्ही प्रश्न फसवतात.

कास्टिंगला पुस्तकात पात्रयोजना म्हणतात. आपण कास्टिंगच म्हणतो. आणि जातीच्या दाखल्याला कास्ट सर्टिफिकेट म्हणतो. इंग्रजीत हे दोन शब्द वेगळ्या घरचे. जातीचा 'कास्ट' पोर्तुगीजांच्या 'कास्ता'वरून आला, नटांचा 'कास्ट' दुसरीकडून. पण आपल्या तोंडात दोघांचा आवाज एक होतो, आणि पुष्कळदा कामही एकच होतं. माणूस बघायचा, त्याची जागा ठरवायची, आणि मग ती जागा त्याच्या हाडामांसातूनच उगवली आहे असं सगळ्यांना पटवायचं. त्यालाही.

मी गोदीत काम करतो. पाळीच्या सुरुवातीला मुकादम टोळी पाडतो. वजनाला हा, दोरीला तो, वर सावलीत हिशेब लिहायला तिसरा. तोंडाकडे बघून, आडनाव ऐकून. एकदा वजनाला लागलेला गडी पुढच्या पाळीलाही वजनालाच. का? तर 'त्याला सवय आहे.' स्टुडिओचं कास्टिंग यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

आधी हॉलिवूड बघू. कारण हे यंत्र तिथं पुरतं वाढलं. आणि आपला तिथं संबंधही आहे. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली आणि तिच्यावरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ज्यांच्याकडून नाव घेतलं त्यांच्या आईबापांचं पडद्यावर काय केलं गेलं, हे बघणं आपलं काम आहे.

१९२० च्या सुमारास सुरू झालेली आणि १९५० च्या आसपास मोडायला लागलेली ही स्टुडिओशाही. पाच कंपन्या मोठ्या: एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर ब्रदर्स, फॉक्स, आरकेओ. स्टुडिओ त्यांचे, वितरण त्यांचं, मोक्याची थिएटरंही त्यांचीच. नटनट्या सात-सात वर्षांच्या करारावर बांधलेल्या. कंपनी त्यांचं नाव बदलायची, केस बदलायची, दुसऱ्या कंपनीला भाड्यानं द्यायची. दिलेली भूमिका नाकारली तर पगार बंद, आणि जितके दिवस बंद तितके दिवस करार लांबवायचा. शिवाय गर्दीत उभं करायच्या एक्स्ट्रा लोकांसाठी कंपन्यांनी मिळून १९२५ साली सेंट्रल कास्टिंग नावाचं दफ्तर काढलं. तिथं माणसांची नोंद नमुन्यानुसार. अमुक वर्णाचा, अमुक बांध्याचा. फोन आला की तसला नमुना पाठवायचा.

आता या यंत्रातून निघालेले दोन नमुने बघा.

पहिला, 'द गुड अर्थ'. एमजीएमचा १९३७ चा सिनेमा. चीनमधल्या शेतकरी कुटुंबाची गोष्ट. लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली चिनी वंशाची अॅना मे वाँग तेव्हा नाव कमावून होती. नायिकेची, त्या राबणाऱ्या शेतकरणीची भूमिका तिला मिळावी असं तिला वाटत होतं. पण शेतकऱ्याच्या भूमिकेत घेतला होता पॉल म्युनी. गोरा. चेहऱ्यावर रंग फासून चिनी केलेला. १९३४ पासून कडकपणे लागू झालेल्या सिनेमाच्या नियमावलीत काळ्या-गोऱ्यांच्या शरीरसंबंधाला बंदी होती, आणि तिची सावली इतर वर्णांवरही पडायची. गोऱ्या नटाची पडद्यावरची बायकोसुद्धा गोरीच पाहिजे. मग लुईज रेनर या युरोपातून आलेल्या नटीला शेतकरीण केलं. अॅना मे वाँगला काय दिलं? घर फोडणाऱ्या रखेलीच्या भूमिकेची चाचणी. तिनं नाही म्हणून सांगितलं. रेनरला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. म्हणजे बघा, चिनी बाईचं दुःख चालतं, चिनी बाई चालत नाही. हा वाक्प्रचार लक्षात ठेवा. मालाडला गेल्यावर पुन्हा उपयोगी पडेल.

दुसरा नमुना, हॅटी मॅकडॅनिएल. तिचे आईबाप गुलामगिरीत जन्मलेले. ही बाई गायची, स्वतः गाणी लिहायची, नकला करायची. पडद्यावर मात्र मोलकरीण. एकदा नाही, डझनांनी. १९३९ च्या 'गॉन विथ द विंड'मध्ये ती मॅमी झाली. त्या डिसेंबरात अटलांटा शहरात सिनेमाचा मोठा पहिला खेळ झाला. जॉर्जिया राज्यात वर्णभेदाचे कायदे होते, म्हणून हॅटी तिथं गेलीच नाही. २९ फेब्रुवारी १९४० ला तिला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली काळी व्यक्ती. समारंभ लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात. त्या हॉटेलात काळ्यांना मज्जाव. निर्मात्यानं रदबदली केली म्हणून तिला आत घेतलं, पण बाकीच्या नटांबरोबर नाही. भिंतीकडेला, वेगळ्या छोट्या टेबलाशी. पारितोषिक हातात, आणि पंगत वेगळी. आपल्याला हे समजावून सांगायची गरज आहे का?

आता फक्त कास्टिंगचा प्रश्न विचारला तर उत्तर काय येतं? मॅमी काळी, नटीही काळी. बरोबर माणूस बरोबर जागी. फिट्टंफाट. म्हणून म्हणतो, दुसरा प्रश्न विचारा. त्या सिनेमातला जिन्याचा प्रसंग घ्या. मालकाची लहान पोर घोड्यावरून पडून मेलीय. बाप तिला पुरू देत नाही, कारण पोरीला अंधाराची भीती वाटायची. मेलनी नावाची गोरी बाई येते. मॅमी तिला वर घेऊन जाते आणि पायरी पायरी चढत सगळं सांगते. कॅमेरा त्यांच्यासोबत चढतो, मध्ये फारसा तुटत नाही. बोलणारी एकटी मॅमी. हॅटीचा आवाज फाटतो, श्वास तुटतो, डोळ्यांतून पाणी. हातात हात घेऊन तिला पारितोषिक द्यावं असं काम आहे ते, यात शंकाच नाही.

आता नीट ऐका ती काय सांगते. सगळं सांगते ते मालकाच्या दुःखाचं. मालकाची पोर, मालकाचा राग, मालकिणीचा टाहो. तिला स्वतःला पोर होती का? नवरा? तिचं नाव काय? मॅमी हे नाव नाही, तो हुद्दा आहे. चार तासांच्या आसपासच्या त्या सिनेमात तिला झोपताना, जेवताना, स्वतःच्या माणसाशी दोन शब्द बोलताना जागा नाही. कॅमेरा तिला जवळ करतो तो तिच्या तोंडून मालकाचं घर बघायला. तिचं रडणंसुद्धा घरकामात जमा.

आणि त्याच जिन्यावर तिच्या शेजारून चढणारी मेलनी कोण? ऑलिव्हिया डी हॅविलँड. त्याच ऑस्करला तिचंही नाव होतं, आणि हॅटीनं तिला मागं टाकलं. पुढे डी हॅविलँडनं करार लांबवण्याच्या पद्धतीविरुद्ध वॉर्नर ब्रदर्सला कोर्टात खेचलं आणि १९४४ मध्ये जिंकली. सगळ्या नटांचे हात थोडे मोकळे झाले. कायदा तिच्या मदतीला आला, कारण तिची बेडी कागदावर होती. हॅटीची बेडी कुठल्या कागदावर होती? 'हिला फक्त मोलकरीण द्या' असं कुठल्याही करारात लिहिलेलं नव्हतं. लिहावं लागत नव्हतं. जे लिहावं लागत नाही त्यावर कोर्टात काय दावा लावणार? कास्ट अशीच चालते. त्यानंतर सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर दुसऱ्या काळ्या बाईला, व्हूपी गोल्डबर्गला मिळालं ते १९९१ साली. मध्ये पन्नास वर्षं गेली.

बरं, आता समुद्र ओलांडून आपल्या मुंबईत, मालाडला या.

१९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज काढली. कंपनी पद्धतशीर. पगारी नट, पगारी तंत्रज्ञ, जर्मनीहून आणलेला दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग. त्यांनी १९३६ साली 'अछूत कन्या' काढला. रेल्वे फाटकवाल्या दुखियाची मुलगी कस्तुरी, अस्पृश्य. गावातल्या ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप. दोघांचं प्रेम. ब्राह्मण नायक झाला स्टुडिओच्या लॅबोरेटरीतून पुढं आणलेला कुमुदलाल गांगुली, म्हणजे आपला अशोककुमार. आणि अस्पृश्याची पोर झाली देविका राणी. कंपनीच्या मालकाची बायको, टागोर घराण्याशी नातं, बाप लष्करातला बडा सर्जन, शिक्षण इंग्लंडात. कोरलेल्या भुवया, गुळगुळीत चेहरा. अछूत बाईचं दुःख चालतं, अछूत बाई चालत नाही.

पण तिच्या जन्माला शिव्या देऊन मी थांबणार नाही. ते सोपं आहे. सिनेमा मनानं वाईट नाही. ब्राह्मण दुकानदार आजारी दुखियाला आपल्या घरात ठेवतो आणि गाव त्याच्या घरावर चालून येतं, हे १९३६ साली दाखवायला धाडस लागतं. म्हणून दुसरा प्रश्न. कुठून बघितलं जातंय?

सुरुवात आठवा. रात्री मोटारीतून एक सुखवस्तू जोडपं येतं. फाटक बंद, म्हणून अडतं. तिथं कस्तुरीचं स्मारक दिसतं आणि मग गोष्ट मागं जाते. म्हणजे पहिले डोळे कुणाचे? मोटारवाल्यांचे. आणि कस्तुरी आपल्याला पहिल्यांदा कशी भेटते? दगड होऊन. पडद्यावर हसत-गात येण्याआधीच ती मेलेली आहे. शेवटी फाटकाशी तिचा नवरा आणि प्रताप मारामारी करतात, गाडी येते, आणि ती गाडी थांबवायला धावते आणि मरते. तिच्या मरणानं दोन पुरुष वाचतात आणि प्रश्न संपतो. लग्न नको, जेवणाची पंगत नको, मंदिर नको, विहीर नको. देवी करून टाकली की सगळी देणी फिटली.

आता त्याच वर्षाची, याच शहराची दुसरी बाजू बघा. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं होतं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. मे १९३६ मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं रद्द केलेलं भाषण त्यांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' म्हणून स्वतः छापलं. त्याच महिन्याच्या ३० आणि ३१ तारखेला दादरला मुंबई इलाख्यातल्या महारांची परिषद भरली आणि धर्मांतराचा प्रश्न हजारोंच्या पुढं मांडला गेला. ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. दादर ते मालाड लोकलचा रस्ता. दादरला जिवंत माणसं घर सोडून निघायची भाषा करतायत, आणि मालाडला त्यांच्याच मुलीला दगडाची देवी केली जातेय. कुणी कट केला असं मी म्हणत नाही. कटाची गरजच नव्हती. त्या स्टुडिओत कॅमेऱ्यामागं दादरच्या मंडपातला एक माणूस असता तर त्यानं विचारलं असतं, अहो, ही पोर मरते कशाला?

तेवीस वर्षांनी, १९५९ साली, बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. नायिका नूतन. कसदार नटी, मला आवडणारी. इथं अस्पृश्य मुलगी मरत नाही. तिला सांभाळणारी आई जिन्यावरून पडते, रक्त लागतं, आणि फक्त सुजाताचं रक्त जुळतं. रक्त दिल्यावर ती मुलगी होते. म्हणजे १९३६ ला जीव द्यायचा, १९५९ ला बाटलीभर रक्त. भाव उतरला, पण आत यायचा पास अजून आपल्याच अंगातून काढून घेतात. काही न देता, नुसती माणूस म्हणून ती घरात का राहू शकत नाही? हा प्रश्न पडद्यावर यायला अजून फार वर्षं लागली.

इथं थोडं कामाचं बोलतो. प्रसंग वाचायचा कसा? पूर्वी थिएटरात पिच्चर आपल्याला ओढत न्यायचा. आता तो आपल्या हातातल्या मोबाईलवर थांबतो. मागं जातो. ही छोटी गोष्ट नाही. ज्याला पोथी मागं-पुढं करायचा अधिकार मिळाला तो पोथीला प्रश्न विचारायला लागला, हा आपला इतिहास आहे. तेव्हा पाच मिनिटांचा एक प्रसंग घ्या आणि तीनदा बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून. कोण मध्ये, कोण कडेला, कोण बसलेला, कोण उभा, उजेड कुणावर. दुसऱ्यांदा डोळे मिटून. कोण बोलतो, कोण फक्त हो-नाही म्हणतो, कुणाच्या बोलण्याला पार्श्वसंगीत येतं. तिसऱ्यांदा वही घेऊन. शॉट कुठं तुटतो, जवळचा चेहरा कुणाला किती वेळ मिळतो. मग लिहा. पानभर लिहा. 'मस्त होता' आणि 'फालतू होता' ही परीक्षा नाही, ढेकर आहे.

हीच रीत लावून दोन-तीन प्रसंग बघू.

चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा 'कोर्ट'. लोकशाहीर नारायण कांबळे याच्यावर आरोप, की त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगारानं जीव दिला. कांबळेच्या भूमिकेत वीरा साथीदार. नट नव्हे, चळवळीतला माणूस, नागपूरचा, 'विद्रोही'चा संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं त्यांना नेलं. आणि मेलेल्या कामगाराच्या विधवेच्या भूमिकेत उषा बाणे. त्यांचा स्वतःचा नवरा हेच काम करणारा होता.

तिच्या साक्षीचा प्रसंग बघा. कॅमेरा लांब, खिळा ठोकल्यासारखा एका जागी. वकील विचारतो, ती सांगते. गटारात उतरण्याआधी नवरा खडा टाकून बघायचा, झुरळ वर आलं तर आत हवा आहे. घाण सोसवत नाही म्हणून आधी दारू प्यायचा. गॅसनं एक डोळा गेलेला. हे सगळं सपाट आवाजात. रडणं नाही, संगीत नाही, अश्रू दाखवायला कॅमेरा पुढं सरकत नाही. आता हॅटीचा जिना आठवा. तिथं कॅमेरा रडणाऱ्या तोंडासोबत चढत होता, दुःख मालकाचं होतं. इथं दुःख तिचं स्वतःचं आहे, आणि कॅमेरा ते ओरबाडून घेत नाही. लांब राहतो. तो लांबपणा थंडपणा नाही, ती अदब आहे. शिवाय लांब असल्यामुळं सगळं कोर्ट दिसतं. बाकडी, फायली, जांभया. तिला मारणारी गोष्ट तिच्या चेहऱ्यात नाही, त्या खोलीत आहे. क्लोजअप घेतला असता तर खोली सुटली असती.

आता दोन दगड बघू. १९७४ ला श्याम बेनेगल यांचा 'अंकुर' आला. जमीनदाराचा पोरगा मुक्या-बहिऱ्या किष्टय्याला चाबकानं फोडतो. शेवटी एक लहान पोर जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतो, आणि पडदा लाल होतो. तो दगड फार गाजला. गाजायलाच पाहिजे होता. पण तो पोरगा कोण? त्याचं घर, त्याची आई, त्याची शाळा आपल्याला माहीत नाही. तो सिनेमाभर वाट बघतो आणि शेवटी चिन्ह म्हणून येतो. दगड जातो जमीनदाराकडं. आपण प्रेक्षक मध्ये नाही, बाजूला. टाळ्या वाजवायला सुरक्षित.

चाळीस वर्षांनी नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आला. २०१३ साली पूर्ण झाला, फेब्रुवारी २०१४ ला थिएटरात. नागराज सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातला. जब्या झालाय सोमनाथ अवघडे, पहिल्यांदाच कॅमेऱ्यापुढं उभा राहिलेला शाळकरी पोरगा. इथं पहिल्या शॉटपासून आपण जब्यासोबत आहोत. त्याची काळी चिमणी, त्याची शालू, त्याची लाज. डुक्कर कोंडीत सापडतं तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, आणि कैकाडी कुटुंब ताठ उभं राहतं. माणसं थांबतात, डुक्कर निसटतं. नंतर काठीला बांधलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ती चालतात, मागं शाळेची भिंत, भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई. कुणी एक शब्द बोलत नाही. पुढं माणसं, मागं भिंत, आणि दोघांच्या मध्ये जेवढं अंतर आहे तेवढंच आपल्या प्रजासत्ताकाचं मोजमाप.

आणि मग शेवटचा दगड. जब्या भिरकावतो, दगड सरळ कॅमेऱ्याकडं येतो, अंधार. या दगडाच्या वाटेत जमीनदार नाही, आपण आहोत. खुर्चीत बसलेले. हसणारे, गंमत बघणारे. दगड तोच, पण कॅमेरा हलवला आणि आरोपी बदलला. कॅमेरा कुठं ठेवायचा हा तंत्राचा प्रश्न नाही म्हणतो तो यासाठी.

आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. म्हणजे दलिताची भूमिका दलितानंच करायची का? नाही. ही मागणी मला पटत नाही. 'फँड्री'तच बघा, जब्याचा बाप किशोर कदम यांनी केलाय. कवी सौमित्र म्हणून ते तुम्हाला ठाऊक आहेत, मुरलेले नट. बाप आणि पोरगा एका चौकटीत उभे आहेत, आणि कुठं शिवण दिसत नाही. नट म्हणजे दुसऱ्याच्या कातडीत शिरणारा. ती कला आहे आणि ती सगळ्यांची आहे.

सगळ्यांची आहे, इथंच खरी गोम आहे. देविका राणी राजकन्या होऊ शकत होती, मोहात पडलेली बाई होऊ शकत होती, आणि अछूतही होऊ शकत होती. हॅटी मॅकडॅनिएल फक्त मोलकरीण होऊ शकत होती. एकाला सगळ्या कातड्या खुल्या आणि दुसऱ्याला स्वतःच्या कातडीचीसुद्धा एकच बाजू, ही कास्ट. म्हणून आपली मागणी मोठी आहे. आपल्या पोरानं पडद्यावर नुसता मार खाणारा, नुसता दगड मारणारा का व्हावं? त्यानं जज व्हावं, चोर व्हावं, विसराळू मास्तर व्हावं, प्रेमात येडा झालेला श्रीमंत व्हावं. आपली पोरगी कारण नसताना हसावी, आणि गोष्टीच्या शेवटी जिवंत असावी. 'अस्सल चेहरा पाहिजे' म्हणून आज कुणी आपल्या वस्तीत पोरं शोधायला आलं तर हरखून जाऊ नका. विचारा, पुढच्या सिनेमात ह्याला काय देणार? पुन्हा वजनालाच लावणार का? अस्सलपणाच्या नावाखाली सेंट्रल कास्टिंगचं तेच दफ्तर नव्या रंगात उघडू शकतं.

आणि आपल्यालाही आपण सैल सोडायचं नाही. आपल्या माणसानं काढला म्हणून सिनेमा चांगला, ही शिस्त नव्हे. २०२२ च्या 'झुंड'मध्ये अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं हात जोडतो, आणि थिएटरात आपली पोरं उठून ओरडली. ओरडायलाच पाहिजे, त्या पडद्यावर इतकी वर्षं ती तसबीर कुठं होती? पण घरी जाऊन तोच सिनेमा परत लावा आणि मोजा, की नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना जवळचा चेहरा किती वेळ मिळतो आणि बच्चनला किती. मी उत्तर देत नाही. वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. ज्याची वही रिकामी त्यानं वाद घालायचा नाही.

शेवटचं. यंत्र वाचता येणं ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही. मुकादम कसा निवडतो हे कळून पोट भरत नाही, कधीतरी निवडीचा कागद आपल्या हातात यावा लागतो. पटकथा लिहिणारा, भिंग लावणारा, आणि संकलनाच्या टेबलाशी बसून 'हा शॉट ठेव, हा काप' म्हणणारा आपल्यातून निघाला पाहिजे. कारण खरं कास्टिंग दोनदा होतं. एकदा शूटिंगच्या आधी, आणि एकदा कापताना. दुसऱ्या वेळेला खोलीत कोण बसलंय, ते पडद्यावर कधीच दिसत नाही.

त्या खोलीत जायचंय.

जय भीम.